बोलावल्यावर येणारा कावळा

तांबवडीचे कावळे कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नव्हतं. का गेले ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त नगरपंचायतीच्या कार्यालयात तसं बोलायची सोय नव्हती.

उंब्रजच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावरचं हे गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, नानासो नगराध्यक्ष झाले, आणि गावाला स्वच्छतेचं वेड लागलं. वेड चांगलंच होतं, त्याला नावं कशाला ठेवा? नदीकाठचा उकिरडा उचलला गेला. घंटागाडी दारोदार फिरू लागली, ओल्या कचऱ्याचं खत होऊ लागलं, मटणाच्या दुकानांना झाकणाचे डबे सक्तीचे झाले. रक्षा पाण्यात सोडायची नाही, घाटामागच्या रानात खड्ड्यात घालून वर झाड लावायचं, असा ठराव झाला आणि नवल म्हणजे लोकांनी तो पाळला. पाणी निवळलं. पण कावळ्याला चोच घालायला काही उरलं नाही. त्याला राज्यपातळीच्या बक्षिसाशी काय देणंघेणं? तो आपला निघून गेला.

आणि मग दहाव्याला पंचाईत व्हायला लागली. पिंड मांडलेले, उन्हं चढलेली, सुट्टी टाकून आलेली माणसं सावली शोधत उभी, आणि आकाशात साधी घारसुद्धा नाही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि लोक मान खाली घालून घरी जायचे. घरी गेल्यावर जेवण कुणाला गोड लागायचं नाही.

या पंचाइतीतून रेश्मानं वाट काढली. ती बचत गटाची अध्यक्ष. हात चालणारी आणि तोंडही चालणारी बाई. घाटावरची शेड नगरपंचायतीकडून गटानं चालवायला घेतली होती. पत्रावळ्या, दर्भ, तीळ, पिंडाचा भात, झाडाचं रोप, नंतरचा चहा, सगळं तिथंच मिळायचं. प्लास्टिकचा कागदही दिसायचा नाही. पाटीवर ‘दशक्रिया सेवा केंद्र’ असं लिहिलेलं होतं, आणि पाटीवर न लिहिलेली एक सेवा होती. तिचं नाव बाळ्या.

बाळ्या म्हणजे घरट्यातून पडलेलं कावळ्याचं पिल्लू. कावळे गाव सोडून गेले तेव्हा हे मागं राहिलं. एक पंख वाकडा होता, फार लांब उडता यायचं नाही. रेश्मानं त्याला दूधभाकरी भरवून वाढवलं. दहीभात घालताना ती तांब्याच्या काठावर बोटातली अंगठी वाजवायची, म्हणून बाळ्याला तो आवाज म्हणजे जेवण, एवढं पक्कं कळलेलं. एकदा एका दहाव्याला लोक उन्हात करपत असताना तिनं सहज शेडमागं तांब्या वाजवला. बाळ्या जांभळीवरून फडफडत आला आणि थेट पिंडावर बसला. सगळ्यांनी हात जोडले. एक म्हातारी तर रडायला लागली.

तेव्हापासून तांबवडीत कावळा वेळेवर शिवू लागला. अंगठीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच माहीत नव्हती. नानासोंनी तर एकदा चहा पिता पिता म्हणून टाकलं, “रेश्माताई, तुमी गावाची लय मोटी सोय केली बगा.” कुठली सोय, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पण पूर्वी कावळा यायला उशीर लागला की घाटावर काय व्हायचं, हे सांगायला हवं. लोक एकमेकांकडे बघायचे. मेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल, याचा अंदाज घ्यायचे. मग थोरला पुढं व्हायचा, पिंडासमोर हात जोडून म्हणायचा, “म्हातारीला अंतर देनार न्हाई.” तरी कावळा येत नसे. मग धाकटा म्हणायचा, “बांधाचा वाद सोडला.” घरात दहा वर्षं न निघालेला शब्द तिथं चारचौघांत तोंडातून निघायचा, आणि एकदा निघाला की मागं घेता यायचा नाही. आता त्याची गरज उरली नव्हती. अंगठी वाजायची, बाळ्या यायचा, माणसं आपापल्या गाड्या काढून जायची.

पहिल्यांदा बाळ्या खोकला तेव्हा रेश्माला हसू आलं.

नाथाजी सुभेदारांचं दहावं होऊन आठवडा झाला असेल. ती शेडमध्ये पत्रावळ्या लावत होती आणि मागून कुणीतरी खोकलं. कोरडा, ओळीनं दोनदा येणारा, मग घसा साफ करणारा खोकला. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि वळली. मागं कुणी नव्हतं. पाण्याच्या पिंपावर बाळ्या बसला होता आणि त्याचा गळा हलत होता.

“मेल्या, नकला करतूस व्हय?” ती म्हणाली. पण हसू ओठावरच राहिलं. सुभेदार पुण्याच्या दवाखान्यात वारले होते. त्याआधी कितीतरी महिने ते अंथरुणावर होते. बाळ्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मग खोकताना कुठून ऐकणार?

पुढच्या महिन्यात सुभेदारांचा मुलगा इंद्रजित वडिलांच्या रक्षेवरच्या झाडाचं आळं बघायला म्हणून आला. नानासोंनी नव्या धंद्यांना हातभार लावायची योजना काढली होती, त्यातून त्यानं रस्त्याकडेला गाड्या धुण्याचं केंद्र टाकलं होतं. धंदा बरा चालला होता. त्याचंच कौतुक सांगत तो चहा पीत उभा असताना पिंपावरून आवाज आला, दमदार, पलटणीत हुकूम सोडावा तसा.

“आंब्याला हात लावायचा न्हाई.”

इंद्रजितच्या हातातला कप खाली पडला. दारातला जुना आंबा तोडूनच त्यानं केंद्रासाठी जागा केली होती. सुभेदार जाऊन चार दिवसही झाले नव्हते तेव्हा. तो बाळ्याकडे बघत राहिला, मग रेश्माकडे, आणि मोटारसायकल सुरू करून गेला. त्यानंतर तो घाटाकडे फिरकला नाही.

मग एकेक आवाज यायला लागले. एका बाईचा, “दागिनं धाकटीचं हायती.” एका म्हाताऱ्याचा, कापरा, “मला घरला न्या.” कुठला आवाज कुणाचा, हे रेश्माला कळायचं, कारण त्यांच्या दहाव्याला अंगठी तिनंच वाजवली होती. एरवी बाळ्या साधा कावळाच होता. काव काव करायचा, दहीभात खायचा, चमचा पळवायचा. पण मधूनच मान तिरकी करायचा, गळा फुगवायचा, आणि ती हातातलं काम टाकून शेडबाहेर बघून यायची, कुणी ऐकलं तर नाही ना. गुरं तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, कावळा पोपटासारखा बोलू शकतो, त्यात विशेष काही नाही. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं. न ऐकलेलं कसं बोलतो, हे तिनं डॉक्टरांना विचारलंच नाही. उत्तराची भीती वाटली.

लोकांच्या कानावर पडू नये म्हणून तिनं बाळ्याला घरी आणलं आणि परसातल्या पेरूच्या झाडावर ठेवलं. दहावं असलं की दुरडीत घालून न्यायची, काम झालं की परत आणायची.

परसाकडच्या खोलीत तिची सासू, रंगूबाई, अंथरुणाला खिळलेली होती. एक अंग गेलं होतं पण कान शाबूत होते. एका दुपारी रेश्मा तिचे केस विंचरत असताना बाहेर तो दुहेरी खोकला आला.

“नाथाजी खोकतूया,” रंगूबाई शांतपणे म्हणाली.

रेश्माचा हात थांबला. “कावळा हाय, आत्ती.”

“कावळाच हाय. पन खोकला नाथाजीचा हाय. माजा मामेभाऊ त्यो, मला वळकू येत न्हाई व्हय?” मग तिनं खिडकीकडे मान वळवली. “रेश्मा, माज्या दहाव्याला ह्या लबाडाला आनू नगंस. अंगठी वाजवू नगंस.”

“आसं अभद्र का बोलता?”

“ऐक माजं. विश्वा संयूला दारात उभी करत न्हाई. म्या रडून बगितलं, जेवान सोडून बगितलं. त्यो घरात कवाच वाकायचा न्हाई. पन घाटावर, चार मान्सांत, कावळा खोळंबला की वाकंल. आईचा पिंड समोर आसताना त्याला बोलावंच लागंल. मला तेवडी एकच येळ हाय गं.”

संयू म्हणजे संयोगिता, रंगूबाईची मुलगी. सांगलीच्या भरतेशशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. माणूस चांगला, हळदीची पिढीजात पेढी, पण घर जैन. विश्वजीत, रेश्माचा नवरा, तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्यानं भर अंगणात सांगितलं होतं, ह्या उंबऱ्याला तिचा पाय लागायचा नाही. नोकरी संपवून तो घरी आला, ऊस लावला, गावकीत मान मिळवला, पण तो शब्द तसाच धरून बसला. संयोगिता फोन करायची, तो रेश्मानं म्हातारीच्या कानाला लावायचा, विश्वजीत रानात असताना.

“न्हाई वाजवनार, आत्ती,” रेश्मा म्हणाली. “तुमची शप्पत.”

म्हातारीनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. केस तसेच अर्धे विंचरलेले राहिले.

त्यानंतर रंगूबाई फार दिवस राहिली नाही. सकाळी चहा द्यायला गेलेली रेश्मा कप घेऊन तशीच परत आली.

दहाव्याला घाटावर गर्दी झाली. रेश्मानं बाळ्याला मुद्दाम आणलं नव्हतं. पण शेडमागच्या जांभळीवर तो बसलेला तिनं बघितला, वाकड्या पंखानं घरापासून इतक्या लांब कसा आला देव जाणे. वर रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली होती. गाडीला टेकून संयोगिता उभी होती, बाजूला भरतेश. विश्वजीतनं गाडी बघितली आणि पाठ फिरवली.

पिंड मांडले. गुरुजी बाजूला झाले. सगळे वर बघत उभे राहिले आणि आकाश रिकामं होतं.

रेश्मा मनात म्हणत होती, खोळंबू दे. ऊन तापू दे. विश्वजीतच्या मानेवरून घाम ओघळत होता. एक चुलता म्हणाला, “म्हातारीच्या मनात कायतरी ऱ्हायलंय गड्या.” दुसरा रस्त्याकडे बघून खाकरला. विश्वजीतनं ओठ आवळले. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, हात जोडले. 

नेमक्या त्याच वेळी नानासो घाईघाईनं पायऱ्या उतरले आणि तिच्या कानाशी आले. “रेश्माताई, बक्षिसाचं पाहनी पथक फाट्याला आलंय. घाट मोकळा पायजे. एवड्या वर्साची मेहनत हाय. केंद्राची मुदत बी ह्याच्यावरच वाढनार, तुमच्या बायकांचं बगा.” आणि डोळ्यानं तांब्याकडे खूण केली.

विश्वजीतनंही वळून तिच्याकडे बघितलं. जोडलेले हात सुटले होते. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत तिनं ती कधी बघितली नव्हती. सोडव मला, असंच तो म्हणत होता.

रेश्मानं तांब्या उचलला. शेडमागंसुद्धा गेली नाही, तिथंच पाणी घेण्याचं निमित्त केलं. अंगठी काठावर लागली. किती बारीक आवाज तो! पण तिला वाटलं रस्त्यावर संयोगितालाही तो ऐकू गेला.

बाळ्या आला आणि पिंडाला शिवला.

“शिवला, शिवला,” लोक म्हणाले. विश्वजीतनं घाम पुसला. पांढरी गाडी निघून गेली. पथक आलं, स्वच्छ घाट, झाडांच्या रांगा, पत्रावळ्या बघून खूश झालं. त्यातल्या बाईंनी विचारलं की परिसरात पक्षी किती प्रकारचे आहेत, आणि नानासोंनी जांभळीकडे बोट दाखवून भरपूर म्हणून सांगितलं.

त्यानंतर बाळ्या बोलेना.

खोकला नाही, हुकूम नाही, साधी काव काव नाही. पेरूवर बसून तो खिडकीतून आत बघत राहायचा. रेश्मा भाकऱ्या थापायची आणि वाट बघायची. आता बोलेल आत्तींच्या आवाजात. आता म्हणेल, का गं असं केलंस? तिनं काय काय उत्तरं तयार ठेवली होती! बायकांच्या पोटाचा प्रश्न होता. नवऱ्याचे डोळे बघवले नाहीत. भांडं पडलं तरी ती दचकायची.  विश्वजीत म्हणाला, “आईची लय सवय झालती तुला.” ती ताटं उचलून आत गेली.  गप्प बसलेला कावळा बोलणाऱ्या कावळ्यापेक्षा वाईट, हे तिला आता कळत होतं.

मग एका सकाळी ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि विश्वजीत बाहेरच्या खोलीत चहा पीत होता. उन्हं खिडकीत आली होती. बाळ्या पेरूवरून उतरून खिडकीच्या गजावर बसला. मान तिरकी केली. गळा फुगवला.

“न्हाई वाजवनार, आत्ती. तुमची शप्पत.”

आवाज रंगूबाईचा नव्हता. तो रेश्माचा होता. तोच हेल, शेवटी तसाच थोडा बसलेला. रेश्मानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आपणच बोललो की काय हे बघायला. ओठ मिटलेले होते.

“काय वाजवनार न्हाईस?” बाहेरून विश्वजीत म्हणाला. “कुनाशी बोलतीयास?”

“न्हाई वाजवनार, आत्ती,” बाळ्या पुन्हा म्हणाला. “तुमची शप्पत.”

विश्वजीत कप घेऊन दारात आला. बायको तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकलेली, आणि तिचा आवाज खिडकीतून येतोय.  आतापर्यंत बाळ्याच्या गळ्यातून मेलेली माणसंच बोलली होती, हे त्यालाही कानोकानी कळलेलं होतं. त्यानं धावत येऊन तिचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं.

“जित्ती हाय मी,” रेश्मा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “माजा शब्द मेलाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. अर्ध्या विंचरलेल्या केसांपासून अंगठीपर्यंत. विश्वजीत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “पन शिवला न्हवं? सगळ्यांनी बगितलं. आईचं मन शांत झालं.”

“आत्तींसाठी न्हाई शिवला त्यो. माज्या अंगठीसाठी शिवला. आनी तुमी बी बोलनार व्हता, माज्याकडं बगून गप ऱ्हायला. आपुन दोगांनी मिळून त्यांचं त्वांड दाबलं, आवं.”

 रेश्मानं बोटातली अंगठी काढली आणि फडताळात टाकली. पदर खोचून चपला घातल्या.

“कुटं निघालीस?”

“सांगलीला. वन्संला आनायला. तुमी दार उगडं ठेवा न्हाईतर लावून घ्या, मी त्यांला उंबऱ्यापातूर आननार.”

एस.टी.त बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ओल्या पिठाच्या हातानंच निघालो. हळदीच्या पेढीत संयोगितानं तिला बघितलं आणि काही न विचारता गल्ल्यावरून उठली. भरतेश म्हणाला, “मी सोडतो गाडीनं.”  कावळ्याचं रेश्मानं वाटेत काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार, आणि कोण विश्वास ठेवणार?

चार वाजायच्या सुमारास गाडी दारात थांबली. दार सताड उघडं होतं. विश्वजीत सोप्यावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. तो उठला नाही. बहिणीकडे बघितलंही नाही. पण उंबऱ्याशेजारी पाण्यानं भरलेली घागर आणि तांब्या ठेवलेला होता, पाय धुवायला, जसा माहेरवाशिणीसाठी ठेवतात. तो त्याच्याशिवाय कुणी ठेवला असता?

संयोगिता घागरीपाशी थांबली. तिच्यानं पाऊल उचलवेना.  परसात, पेरूच्या झाडावर पानं हलली, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतून यावा तसा म्हाताऱ्या बाईचा दमलेला, ओलसर आवाज आला.

“आली व्हय गं, संयू?”

“आले, आई,” संयोगिता म्हणाली. लहानपणी शाळेतून येताना द्यायची तशी, विचार न करता ओ दिली, आणि पाय उंबऱ्याच्या आत टाकला. मग तिला आठवलं. ती तिथंच थिजून उभी राहिली.

सोप्यावर विश्वजीत दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. रेश्मा परसाकडे धावली. पेरूची फांदी अजून हलत होती आणि वर बाळ्या नव्हता. लांब नदीच्या अंगाला एक कावळा चालला होता, एक पंख जरा वाकडा टाकत, आणि तांबवडीतून गेलेल्या बाकीच्या कावळ्यांसारखं त्यानंही मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संयोगितानं आईच्या रक्षेवरच्या रोपाला पाणी घातलं. नानासोंच्या बक्षिसाची बातमी आली त्याच सकाळी. घाटावर एक दहावं होतं, लोक वर बघत उभे होते, आणि कुणीतरी रेश्माला हळूच म्हणालं, “ताई, तांब्या?”

“खोळंबा,” रेश्मा म्हणाली. “काय बोलायचं आसंल ते बोला.”